अल्पमूल्यभोजनस्थलनिर्देश-मीमांसा

मीमांसकांचा देवदत्त सर्वांना परिचित आहे. तो लठ्ठ आहे आणि दिवसा जेवत नाही. अर्थात तो रात्री जेवत असला पाहिजे. अर्थापत्ती नावाचे एक संपूर्ण प्रमाण या एका गृहस्थाच्या देहयष्टीवर उभे आहे. परंतु ज्या आचार्यांनी देवदत्ताच्या भोजनाची वेळ एवढ्या काटेकोरपणे ठरवली, त्यांच्यापैकी एकानेही तो रात्री जेवायला जातो कोठे, तेथे माणशी किती पडतात आणि ते ठिकाण त्याला सुचवले कोणी, याची पृच्छा केलेली आढळत नाही. ही उणीव दूर करण्याचा हा अल्प प्रयत्न आहे. कार्यक्षेत्र मुंबापुरीपुरते मर्यादित ठेवले आहे. अन्य नगरांचा विचार त्या त्या नगरांतील अभ्यासकांनी करावा.

शास्त्रारंभी अनुबंधचतुष्टय सांगण्याचा शिष्टाचार आहे. विषय : मुंबईत स्वस्तात आणि साधेपणाने कोठे खावे, याविषयी एकाने दुसऱ्यास केलेली शिफारस. प्रयोजन दुहेरी आहे : ऐकणाऱ्याची क्षुधानिवृत्ती आणि सांगणाऱ्याची प्रतिष्ठावृद्धी. संबंध निर्देश्य-निर्देशकभावाचा. आणि अधिकारी कोण? तर ज्याला भूक लागली आहे, ज्याच्या खिशात दोनशे रुपये आहेत आणि ज्याने कार्यालयातील सहकाऱ्यांसमोर ‘इथे जवळपास काही बरं मिळतं का हो?’ हा प्रश्न मोठ्याने उच्चारला आहे, तो. एकदा उच्चारल्यावर हा प्रश्न मागे घेता येत नाही.

१. लक्षण

शिफारशीचे लक्षण असे : विचारले असता अथवा न विचारताच, अन्याने रांधलेल्या अन्नाविषयी, स्वतः रांधल्याच्या अभिमानाने, अल्पमूल्य व अनौपचारिक अशा स्थळाकडे केलेला सावेश निर्देश म्हणजे शिफारस.

आता पदकृत्य. ‘न विचारताच’ हे पद घातले नसते, तर लक्षणाला अव्याप्तीचा दोष लागला असता आणि शास्त्राला विषय फारसा उरला नसता. ‘अन्याने रांधलेल्या’ या पदामुळे ‘आमच्या हिच्या हातची साबुदाणा खिचडी खाऊन बघा’ या वाक्याची व्यावृत्ती होते. तो कौटुंबिक नीतीचा प्रांत आहे. ‘स्वतः रांधल्याच्या अभिमानाने’ हे पद वेटरला वगळण्यासाठी आहे. वेटरही ‘थालीपीठ संपलं, कोथिंबीर वडी आहे’ असा निर्देश करतो. परंतु त्यात अभिमानाचा लवलेश नसतो, किंबहुना आपण कोथिंबीर वडी मागवली काय किंवा उठून गेलो काय, त्याला समानच वाटते. ‘सावेश’ या पदाने ‘ठीक असतं’ म्हणणारे बाद होतात. हा वर्ग मुंबईत अल्पसंख्य आहे आणि त्याला कोणी काही विचारत नाही.

अल्पमूल्यत्वाची व्याख्या रुपयांत करण्याचा मोह टाळला पाहिजे, कारण रुपया चंचल आहे. ती बिलाच्या आगमनपद्धतीवरून करावी. जेथे बिल पुठ्ठ्याच्या पाकिटात बंद होऊन येते, ते स्थळ शास्त्रबाह्य होय. जेथे ते बडीशेपेच्या बशीखाली दबून येते, ते सीमावर्ती. आणि जेथे बिल येतच नाही, वेटर दूरवरून गल्ल्याकडे तोंड करून ‘दोन मिसळ, एक पीयूष, जाडे चष्मेवाले!’ असा उद्घोष करतो आणि ग्राहक उठून, आपणच ते जाडे चष्मेवाले आहोत हे सर्वांदेखत मान्य करून पैसे भरतो, ते स्थळ मुख्य होय.

अनौपचारिकत्वाची गमके तीन. पहिले, मेजसाहचर्य : चौघांच्या टेबलावर आपण एकटे असता अनोळखी इसम न विचारता समोर बसतो आणि आपल्याच बाटलीतले सॉस घेतो. दुसरे, चतुरंगुल-जलन्यास : पाण्याचे चार पेले एकाच हाताने आणले जातात, प्रत्येक पेल्यात एक बोट, अंगठा मोकळा, पेले टेबलावर ठेवताना होणारा ध्वनी हाच स्वागतविधी. तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे, मेनूची मौखिक परंपरा. उडुपी हॉटेलातील अण्णा ‘इडलीवडामेदूवडासादामसालारवारवामसालाम्हैसूरउत्तपा’ हे एका श्वासात म्हणतो, तो संहितापाठ होय. ग्राहकाने ‘काय काय म्हणालात?’ असे विचारले, तर तो प्रत्येक पद सुटे करून, प्रत्येक पदानंतर ग्राहकाच्या चेहऱ्याकडे पाहत, पदपाठ म्हणतो. तिसऱ्यांदा विचारल्यास तो भिंतीकडे बोट दाखवतो. लिखित परंपरेला तेथे एवढेच स्थान आहे.

२. प्रमाणविचार

अमुक ठिकाणी चांगले मिळते, हे ज्ञान कोणत्या प्रमाणाने होते? प्रत्यक्षाने, असे उतावीळ लोक म्हणतील. परंतु ज्याने प्रत्यक्ष खाल्ले, त्याला शिफारशीची गरज संपली. तो त्या क्षणापासून स्वतः निर्देशक झाला. म्हणून या शास्त्रात प्रत्यक्ष हे प्रमाण नसून पदवीदान आहे.

अनुमानाचा विचार थोडा विस्ताराने करावा लागेल. पर्वतावर धूर दिसला म्हणजे तेथे अग्नी असलाच पाहिजे, या नैयायिकांच्या अनुमानाच्या धर्तीवर ‘जेथे गर्दी तेथे चव’ अशी व्याप्ती रूढ झाली आहे. ही व्याप्ती सोपाधिक आहे. धुराची गोष्ट करताना आचार्यांनी ओल्या सरपणाची उपाधी सांगितली होती. येथे उपाधी तीन आहेत. स्थानकसान्निध्य : लोकल चुकलेला माणूस पुढची येईपर्यंत समोर येईल ते खातो. पर्जन्य : जुलैच्या दुपारी ज्याच्या दाराला पत्र्याचे छप्पर आहे, त्या प्रत्येक दुकानापाशी गर्दी असते, मग ते दुकान छत्री दुरुस्तीचे का असेना. आणि आसनाल्पत्व : जेथे सहाच टेबले आहेत, तेथे सातवे कुटुंब येताच रांग उत्पन्न होते. या तिन्ही उपाधी वजा करून उरलेली गर्दीच हेतू म्हणून ग्राह्य धरावी. ती मोजण्यास सर्वोत्तम काळ म्हणजे कोरड्या मंगळवारी दुपारी साडेतीन.

उपमान हे परदेशस्थांचे प्रमाण आहे. गवय गाईसारखा असतो, या चालीवर ‘अरे, आपल्या दादरच्यासारखाच साबुदाणा वडा एडिसनला मिळतो’ असे न्यू जर्सीहून आलेला भाचा सांगतो. त्याने गवय पाहिला आहे, एवढे मान्य करून विषय बदलावा.

अनुपलब्धी, म्हणजे अभावाने होणारे ज्ञान, हे प्रस्तुत लेखकाच्या मते या क्षेत्रातील सर्वांत विश्वसनीय प्रमाण होय. काटा नसणे, गाडी लावायला जागा नसणे, भिंतीवर मालकाच्या वडिलांच्या तसबिरीखेरीज काहीही नसणे, ही सर्व सुचिन्हे आहेत. परंतु सर्वश्रेष्ठ अभाव म्हणजे चायनीजचे पान नसणे. ज्या उडुपीने इडलीपासून आरंभ करून क्रमाने पंजाबी, पावभाजी, मांचुरियन आणि शेवटी पिझ्झा अंगीकारला, त्याच्या मेनूचे आकारमान वाढते, पण त्याची शिफारस करणारा कोणी उरत नाही.

राहिले शब्दप्रमाण. यथार्थ जाणणारा आणि जाणले तसे सांगू इच्छिणारा तो आप्त, अशी नैयायिकांची भूमिका आहे. मुंबईत तिला एक पुरवणी जोडावी लागते : ज्याला ऐकणाऱ्याने तेथेच जावे असे वाटते, पण आपल्याशिवाय जाऊ नये असेही वाटते, तो परम आप्त.

३. निर्देशपूर्व युग

एके काळी या शास्त्राची आवश्यकताच नव्हती. गिरणगावात एकट्याने राहणारा कामगार कोठे जेवायचे हे विचारत नसे. त्याच्या गावच्या वा तालुक्याच्या कोणा बाईने चालवलेली खाणावळ ठरलेली असे. महिन्याचे पैसे ठरलेले, वाराचे कालवण ठरलेले, आणि गावी गेल्यास तेवढ्या दिवसांचा खाडा. निवड नव्हती, म्हणून शिफारस नव्हती. या खाणावळवाल्या बायांना सावकाराच्या तावडीतून सोडवण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. ही या महानगरातील स्वस्त भोजनाच्या इतिहासातील सर्वांत मोठी घटना म्हणावी लागेल. परंतु शिफारशीच्या इतिहासात तिचा उल्लेख नाही, कारण त्या बायांचे जेवण कोणी कोणाला ‘सुचवत’ नसे, नुसते जेवत असे.

शासनानेही या क्षेत्रात पदार्पण केले आहे. १९९५ नंतरच्या युती सरकारने झुणका-भाकर एक रुपयात देऊ केली. २६ जानेवारी २०२० रोजी शिवभोजन थाळी सुरू झाली : दोन चपात्या, एक वाटी भाजी, एक वाटी वरण, एक मूद भात, मूल्य दहा रुपये; टाळेबंदीच्या काळात ते पाचवर आले. अल्पमूल्यत्वाच्या कोणत्याही कसोटीवर ही थाळी सर्वोच्च ठरते. तरीही ‘एक जागा सांगतो, कोणाला बोलू नकोस’ असे म्हणून शिवभोजन केंद्राचा पत्ता कानात सांगणारा इसम आढळत नाही. येथे शास्त्राचे मर्म उघड होते. स्वस्तपणा हा शिफारशीचा विषयच नव्हे. जे शासननिर्णयाने सर्वांना ज्ञात आहे, त्याच्या निर्देशाने निर्देशकाच्या वाट्याला काहीच येत नाही. शिफारस होते ती शिफारस करणाराची. हॉटेल हे निमित्तकारण होय.

या सिद्धान्ताला दुसरा पुरावा दादरात मिळतो. शिवसेना भवनाजवळच्या ‘आस्वाद’च्या मिसळीला २०१५ साली लंडनच्या एका पुरस्कारसोहळ्यात जगातील सर्वांत चविष्ट शाकाहारी पदार्थाचा मान मिळाला. मालकाला आनंद झाला असणार, तो स्वाभाविक आहे. परंतु जे दादरकर वर्षानुवर्षे त्या मिसळीची शिफारस करीत आले होते, त्यांच्यावर ओढवलेल्या प्रसंगाचा विचार कोणी केला? जे लंडनला कळले, ते आता सांगायचे कोणाला? काहींनी ‘आम्ही तर केव्हापासून खातोय’ ही पूर्वसिद्ध-भूमिका घेतली. उरलेल्यांनी ‘मिसळ सोड, तिथलं थालीपीठ खा’ अशी माघार घेतली. या दुसऱ्या गटाचे वर्तन अधिक शास्त्रशुद्ध मानावे.

४. निर्देशप्रकार

(१) सनावळीप्रधान. यात पदार्थाऐवजी स्थापनावर्ष सांगितले जाते. धोबीतलावची ‘कयानी’ १९०४, दादर स्थानकाजवळचे मामा काणे १९१०, ग्रँट रोडची ‘बी. मेरवान’ १९१४, किंग्ज सर्कलचे ‘कॅफे मद्रास’ १९४०, माटुंग्याचे रामा नायक यांचे ‘उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग’ १९४२. नियम असा की, वर्ष जितके जुने, तितके चवीविषयी कमी बोलावे लागते. १९१०च्या आधीच्या स्थळाबद्दल ‘अरे, एकोणीसशे चारचं आहे ते’ एवढे पुरते. तेथे चहा गार आला तरी तो ऐतिहासिक असतो. बॅलार्ड इस्टेटची ‘ब्रिटानिया’ १९२३ची आहे, म्हणून ती याच वर्गात घालून स्वस्त म्हणूनही सुचवणारे अद्याप भेटतात. बेरी पुलावाची आजची किंमत त्यांच्याविरुद्ध साक्ष देते. पण सनावळीप्रधान निर्देशकाच्या दृष्टीने किमतीही त्याच सालच्या असतात.

(२) मार्गप्रधान. हा प्रकार विशेष अभ्यसनीय आहे, कारण यात पदार्थाचे नाव शेवटपर्यंत येत नाही. नमुना : ‘दादरला वेस्टला उतर. मधल्या पुलाने नको, तिकडे फुलवाल्यांची गर्दी असते. पुढच्या पुलाने उतरलास की डावीकडे. कोहिनूर टॉकीज विचार. आता टॉकीज नाहीये, मॉल झालाय, पण विचारताना टॉकीजच विचार. तिथून समोर एक गल्ली दिसेल, त्या गल्लीत जायचं नाही.’ येथे श्रोत्याची भूक मार्गवर्णनातच विरून जाते. निषिद्ध गल्ल्यांची संख्या विहित गल्लीपेक्षा नेहमी अधिक असते.

मार्गप्रधान निर्देशाचा एक आनुषंगिक लाभ आहे : त्यावरून निर्देशकाचा कालनिर्णय करता येतो. ‘व्हीटी’ म्हणणारा १९९६ पूर्वी प्रथम भोजनास गेलेला, ‘सीएसटी’ म्हणणारा त्यानंतरचा, आणि ‘सीएसएमटी’ म्हणणारा २०१७ नंतरचा किंवा रेल्वेचा उद्घोषक. ‘एल्फिन्स्टनला उतर’ असे सांगणाऱ्याची माहिती किमान २०१८पूर्वीची धरावी, कारण त्या वर्षी ते स्थानक प्रभादेवी झाले. ‘व्हीटी’ म्हणणारे तरुणही आढळतात. तो कुलपरंपरागत उच्चार समजावा आणि त्यांच्या वडिलांचे वय काढावे.

इराण्याच्या बाबतीत मात्र मार्गवर्णन आश्चर्यकारकरीत्या संक्षिप्त असते. यज्द आणि केरमान प्रांतांतून आलेल्या इराणी झरथुष्ट्रींनी आपली दुकाने रस्त्यांच्या कोपऱ्यांवर थाटली. अन्य व्यापारी कोपऱ्याची जागा अशुभ मानत, म्हणून ती त्यांना मिळाली, असे सांगितले जाते. कारण काहीही असो, ‘कोपऱ्यावरचा इराणी’ एवढ्यात स्थळ, दिशा आणि मालकाचा वंश ही तिन्ही सांगून होतात. मार्गप्रधान संप्रदायाने म्हणूनच इराण्याकडे थोडा आकसाने पाहिले आहे.

(३) निषेधगर्भ. ‘तिथे जा, पण चहा पिऊ नकोस.’ ‘वडा घे, चटणी घेऊ नकोस.’ ‘खिमा-पाव खा, पण नऊच्या आत, नंतर नाही.’ निर्देश जितका सनिषेध, तितका विश्वासार्ह, कारण निषेधातून अभ्यास दिसतो.

(४) सखेद. ‘आता पूर्वीसारखं राहिलं नाही, पण जाऊन ये.’ मुंबईतील शिफारशींचे हे सर्वांत प्रौढ रूप होय. यात निर्देशक एकाच वाक्यात स्थळाची स्तुती, काळाची निंदा आणि स्वतःच्या सुवर्णयुगातील उपस्थितीची नोंद अशी तीन कार्ये साधतो. खेदाची कारणे ठरलेली आहेत : मुलाने धंदा हाती घेतला, स्टीलचे पेले जाऊन काचेचे आले, पाव लहान झाला, पुन्हा मागितलेल्या रश्श्याचे पैसे लावू लागले. शेवटचे कारण खरे आहे आणि प्रस्तुत लेखकही या बाबतीत सखेद संप्रदायाशी सहमत आहे. मिसळीचा दुसरा रस्सा ही सवलत नसून मिसळीचे अंग आहे. त्याचे वेगळे मूल्य आकारणे म्हणजे भातावरच्या वरणाला जकात बसवणे होय.

(५) मृतविषयक. सखेद प्रकाराची अंतिम परिणती. निर्देश केलेले स्थळ बंद झालेले असते, हे निर्देशकाला माहीत असते किंवा नसते. दोन्ही परिस्थितींत आवेश तोच. गिरगावातील खोताच्या वाडीतले ‘अनंताश्रम’ बंद होऊन बरीच वर्षे लोटली, तरी तेथील माशांची कढी अद्याप सुचवली जाते, वाढप्यांच्या तुटकपणाच्या आठवणींसह. धोबीतलावची ‘बस्तानी’ गेली. तिच्यासारख्या इराण्यांच्या सूचनाफलकांतील मनायांवरून निस्सीम इझिकेल यांनी इंग्रजीत कविता केली होती, म्हणजे निषेधगर्भ प्रकारालाही साहित्यात स्थान मिळाले आहे. उलट दिशेचे उदाहरण ‘मेरवान’चे : २०१४ साली शंभरी भरत असतानाच ती बंद होणार अशी वार्ता पसरली, लोकांनी मावा केकसाठी रांगा लावून निरोप घेतला, आणि नंतर दुकान पुन्हा उघडले. निरोप घेतलेल्यांनी पुन्हा जाऊन केक खाल्ला की नाही, यावर मतभेद आहेत. शोक वाया गेल्यास तो पुढील प्रसंगासाठी राखून ठेवता येतो, असा निर्णय योग्य वाटतो.

(६) उपांशु. ओठ हलतात, पण शेजारच्याला ऐकू जात नाही, अशा जपाला उपांशु म्हणतात. ‘कोणाला सांगू नकोस, नाहीतर गर्दी होईल’ या पुरवणीसह होणारी शिफारस त्या कोटीतली. ती दर वेळी सर्वांना सांगितली जाते.

५. संप्रदाय आणि एक अधिकरण

स्थूलमानाने चार संप्रदाय मानावेत. दादर संप्रदाय पीयूषप्रधान आणि वादप्रिय आहे. साबुदाणा वड्याला दाण्याची चटणी की दह्याची, हा त्याचा आद्य विषय. माटुंगा संप्रदाय प्रातःकालीन : इडली सकाळी आठच्या आत न खाल्ल्यास ती खाल्ली असे मानत नाही, आणि फिल्टर कॉफी पितळी डबऱ्यातून पेल्यात किती उंचीवरून ओततात यावरून माणसाची पात्रता ठरवतो. फोर्ट-धोबीतलाव संप्रदाय ब्रून-मस्क्याचा. तो अल्पसंख्य, वृद्ध आणि दीर्घकाळ बसणारा आहे. भेंडीबाजार-महंमद अली रोड संप्रदाय रात्रिंचर असून रमजानमध्ये त्यात अन्य तिन्ही संप्रदायांचे लोक तात्पुरते प्रवेश करतात. ‘नूर मोहम्मदी’ची (स्थापना १९२३) नल्ली निहारी ही त्यांची दीक्षा.

वडापाव कोणत्याच संप्रदायात बसत नाही. त्याचा जन्म १९६६ साली दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्य यांच्या गाडीवर झाला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. परंतु प्रत्येक मुंबईकराच्या मते सर्वोत्तम वडापाव त्याच्या स्वतःच्या कॉलेजच्या फाटकासमोर मिळतो. कीर्ती कॉलेजचा माणूस चुऱ्याचे नाव काढतो, ठाण्याचा माणूस ‘कुंजविहार’च्या वड्याचा आकार हातांनी दाखवतो. येथे शास्त्र थांबते, कारण हा प्रश्न चवीचा नसून अकरावीच्या प्रवेशयादीचा आहे.

आता वातानुकूल-अधिकरण. विषय : एकाच उडुपी हॉटेलात खाली पंख्याचा भाग आणि काचेच्या दाराआड वा माळ्यावर ए.सी.चा भाग असतो. मुदपाकखाना एक, तवा एक, डोसा एक, ए.सी.त दर अधिक. संशय : स्वस्त म्हणून शिफारस झालेल्या हॉटेलात ए.सी.च्या भागात बसल्यास ती शिफारस पाळली गेली, असे म्हणावे काय? पूर्वपक्ष द्रव्यवाद्यांचा : डोसा तोच, म्हणून शिफारस पाळली गेली, फरक फक्त हवेचा, आणि हवा कोणी खात नाही. उत्तरपक्ष देशवाद्यांचा : ए.सी.त अनोळखी माणूस समोर बसत नाही. पेल्यात बोटे नसतात. चमचा कागदी रुमालात गुंडाळलेला असतो. मुख्य म्हणजे सांबार पुन्हा मागताना ग्राहकाचा आवाज आपोआप खाली जातो. ज्याला सांबार मागायला संकोच वाटतो, त्याच्या ठायी अनौपचारिकत्व उरले कोठे?

या वादात शासनही ओढले गेले होते. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला, तेव्हा बिगर-वातानुकूल उपाहारगृहांना बारा आणि वातानुकूलांना अठरा टक्के कर होता, आणि एका भागात ए.सी. असल्यास खाली पंख्याखाली बसलेल्यालाही अठराच लागत असत. ही संसर्गवादी भूमिका होती : वरच्या मजल्यावरचा गारवा खालच्याच्या बिलात उतरे. १५ नोव्हेंबर २०१७ पासून दोघांनाही पाच टक्के करून शासनाने अद्वैत स्वीकारले. या शास्त्राचा निर्णय मात्र देशवाद्यांच्या बाजूने आहे. अपवाद मे महिन्याचा, तो आपद्धर्म.

६. प्रतिवृत्त आणि त्याचे निराकरण

शिफारस केल्यानंतर साधारण आठवड्याने निर्देशक विचारतो : ‘काय, गेला होतास का मग?’ हा प्रश्न टाळता येत नाही. ‘गेलो होतो, छान होतं’ या उत्तराने तो समाधानी होत नाही, ‘काय खाल्लंस?’ ही पुढची पायरी ठरलेली आहे. येथे श्रोत्याने ‘इडली’ असे उत्तर दिल्यास ‘तिथे जाऊन इडली कोण खातं!’ आणि ‘मिसळ’ असे दिल्यास ‘साधी की दही?’ हे विहित प्रतिप्रश्न आहेत. बरोबर पदार्थ, बरोबर प्रकार आणि बरोबर वेळ या तिन्हींचा योग जुळूनही श्रोत्याला चव आवडली नसेल, तर निर्देशकाजवळ एक अंतिम अस्त्र असते : ‘मग त्यांचा आचारी गावाला गेला असेल.’

या अस्त्राचे खंडन आजपर्यंत कोणाला जमलेले नाही, आणि त्याला कारण आहे. आचारी खरोखरच गावाला जातो. कोकणातला असेल तर गणपतीत आणि शिमग्याला, कुंदापूरकडचा असेल तर मे महिन्यात, उत्तरेकडचा असेल तर छठपूजेला आणि लग्नसराईत. वर्षाचा असा एकही महिना सांगता येत नाही, ज्यात मुंबईतल्या कोणत्या ना कोणत्या हॉटेलाचा आचारी आगगाडीत बसलेला नसेल. तो नेमका त्याच हॉटेलाचा होता काय, हे विचारण्यासाठी पुन्हा तेथे जावे लागते, आणि गल्ल्यावर उभे राहून ‘मागच्या गुरुवारी तुमचा आचारी होता का?’ असे विचारण्याचे धैर्य या शास्त्राच्या कोणाही विद्यार्थ्याने दाखवलेले नाही.

निर्देशक स्वतः बरोबर आल्यास प्रतिवृत्ताचा प्रश्न मिटतो, पण बिलाचा उद्भवतो. बरोबर आलेला निर्देशक श्रोत्याला मागवू देत नाही. तो अण्णाला नावाने हाक मारतो, अण्णा त्याला ओळखत नाही, आणि पाच पदार्थ येतात. गल्ल्यापाशी पोचल्यावर दोन मते आहेत. प्राचीनांच्या मते, ज्याने शिफारस केली त्याने पैसे द्यावेत, कारण प्रतिष्ठा त्याची वाढली. नव्यांच्या मते, ज्याला लाभ झाला त्याने द्यावेत, कारण ‘किती स्वस्त आहे बघ’ हे त्याला स्वतःच्या खिशातूनच पटू शकते. गल्ल्याच्या काचेवर क्यूआर कोड चिकटवल्यापासून नव्यांचे मत बळावले आहे, कारण निर्देशकाच्या फोनला त्याच ठिकाणी रेंज नसते. श्रोत्याने पैसे द्यावेत, निर्देशकाने ‘अरे, मी देत होतो’ हे वाक्य फोन खिशात परत ठेवताना उच्चारावे, आणि बडीशेपेवर दोघांचा समान अधिकार असावा.